झोपते तिथला पत्ता

"माझं काही आलंय का?"

दार उघडलं की ताईंचा पहिला प्रश्न हा. 'कशी आहेस' नाही, 'किती दिवसांनी भेटतोय' नाही. एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने सँडलचा पट्टा सोडवत त्या आमच्या चपलांच्या कपाटावर साठलेल्या टपालाकडे बघत असायच्या. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटवर आमच्यापेक्षा त्यांचंच टपाल जास्त यायचं. बँकेचं, विम्याचं, कुठल्याशा वाचनालयाचं, एकदा तर दातांच्या डॉक्टरचं. माझा नवरा समीर म्हणायचा, "आपण त्यांचं पोस्ट ऑफिस आहोत का?" मी म्हणायचे, "हो. आणि आता चहा टाक."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नियमाने वागतात आणि त्यापायी सगळ्यांचा जीव खातात. नियम मोडणाऱ्यांबरोबर राहणं त्या मानाने सोपं असतं.

सिंगापूरला आले तेव्हा मी तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात हिशेब खात्यात लागले, आणि ताई माझ्या वरिष्ठ होत्या. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, दळण आणायचं राहून जावं तसं. मी काही विचारायला गेले की मान वर न करता सांगायच्या, "नियम वाच. मग ये." मी नियम वाचून यायचे, आणि माझा प्रश्न तोवर संपलेला असायचा. याचाही राग यायचा.

दुपारी आम्ही हॉकर सेंटरला, एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, जेवायला जायचो. इथली रीत अशी, की टेबलावर टिशू पेपरचं पाकीट टाकायचं, जागा आपली झाली, मग निवांत रांगेत उभं राहायचं. सगळं सिंगापूर हे करतं. ताई करत नसत. "पाकीट टाकून जागा अडवायची, हे कुठल्या नियमात बसतं?" मग आम्ही दोघी गरम सूपचे वाडगे ट्रेमध्ये घेऊन गर्दीत उभ्या, कुणी उठतंय का बघत. निवलेलं सूप पिण्याची सवय मला ताईंनी लावली.

पण हेही सांगायला हवं. पहिल्याच वर्षी माझ्या घरमालकाने मला अचानक खोली सोडायला लावली. ओळखीचं कुणी नव्हतं. ताई ऑफिस सुटल्यावर माझ्याबरोबर आल्या, माझी बॅग स्वतः उचलली आणि मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. दुसरी खोली मिळेपर्यंत मी तिथेच होते. भाड्याचा विषय त्यांनी काढू दिला नाही. मात्र पहिल्याच संध्याकाळी, मी रडत असताना, समोर लॅपटॉप ठेवला आणि सरकारदरबारी माझा पत्ता बदलून घ्यायला लावला.

"ताई, दोन-चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"झोपतेस इथे ना? मग पत्ता इथला."

रडता रडता मी पत्ता बदलला.

निवृत्त झाल्यावर ताईंनी फ्लॅट विकला आणि मलेशियात एक राहती गाडी घेतली. आत पलंग, शेगडी, कपाट, बोळकंडीएवढं न्हाणीघर. गाडी चालवायला त्या पन्नाशी उलटल्यावर शिकल्या होत्या, तेव्हा आम्हाला वाटलं होतं हौस असेल. आता कळलं, बेत होता. मलेशियाचा लांब मुदतीचा व्हिसा काढून त्या हिंडू लागल्या. कधी पेनांगच्या समुद्राकाठी, कधी थायलंडच्या रबराच्या मळ्यांमधून. "रोज सकाळी वेगळी खिडकी," मी एकदा कौतुकाने म्हटलं. "खिडकी तीच," ताई म्हणाल्या, "बाहेरचं बदलतं."

असल्या गाड्यांना सिंगापुरात येऊ देत नाहीत. त्यामुळे ताई गाडी सीमेपलीकडे जोहोर बाहरूला एका ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या आवारात लावायच्या, पूल ओलांडून बसने यायच्या आणि आमची बेल वाजवायच्या. सिंगापुरातला त्यांचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, तोवर गेला होता. नोकरी नाही, घर नाही, तर परवाना वाढवायचा कशावर? इतकी वर्षं राहिलेल्या शहरात त्या आता पाहुण्या म्हणून शिरत होत्या, आणि येण्याआधी फोनवरून भरायच्या माहितीत 'राहण्याचं ठिकाण' या रकान्यापाशी हटकून अडायच्या. तिथूनच मला फोन.

"इथे काय लिहू?"

"मलेशिया लिहा."

"मलेशियात कुठे? परवा इपोहला झोपले होते, काल मलाक्काला."

मागून माझी मुलगी ईरा इथल्या इंग्रजीत ओरडायची, "आजी, एनी अॅड्रेस ऑल्सो कॅन, लाह!"

"नो, बाळा. एनी अॅड्रेस कॅनॉट," ताई शांतपणे सांगायच्या.

सिंगापूरचं नागरिकत्व त्यांना केव्हाच मिळालं असतं. आम्ही घेतलं तेव्हा मी त्यांनाही सुचवलं होतं. "भारताचा पासपोर्ट जातो, पण ओसीआय कार्ड मिळतं ना. सगळं करता येतं त्यावर."

"मत देता येतं?"

"ते नाही येत."

"मग सगळं कसं?"

मतदान हा ताईंचा एककलमी कार्यक्रम होता. लोकसभा असो, विधानसभा असो, त्या विमानाचं तिकीट काढून गावी जायच्या, मत द्यायच्या, भावाकडे जेवायच्या आणि परत यायच्या. परदेशात राहणाऱ्या कितीतरी जणांची नावं गावच्या जुन्या यादीत तशीच असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. ताईंचं बिघडलं. आपण तिथे राहत नाही तर आपलं नाव साध्या यादीत नको, असं त्यांनी स्वतः तहसील कार्यालयात कळवलं आणि परदेशस्थ मतदार म्हणून नव्याने नोंदवून घेतलं. तिथल्या कारकुनाने म्हणे कपाळाला हात लावला. मी त्या कारकुनाच्या बाजूची आहे.

परदेशस्थ मतदाराचं नाव त्याच्या पासपोर्टातल्या भारतातल्या पत्त्यावर लागतं. ताईंच्या पासपोर्टात वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या घराचा पत्ता होता. ते घर भावाने विकलं आणि तो मुलाकडे ठाण्याला राहायला गेला. ताईंनी कुरकूर न करता सही दिली. घेणाऱ्याने घर पाडलं, पायासाठी खड्डा खणला, आणि काम तिथेच थांबलं.

गेल्या लोकसभेला ताई गेल्या, तेव्हा यादीत त्यांचं नाव नव्हतं. चौकशीला आलेल्या माणसाला पत्त्यावर घर सापडलं नव्हतं, खड्डा सापडला होता. मग त्याने नियमाप्रमाणे नाव काढलं.

परत आल्यावर ताईंनी आमच्या स्वयंपाकघरात बसून हे सगळं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता. "मी विचारलं, मतदान संपेपर्यंत आत थांबले तर चालेल का. नाही म्हणाले. मग शंभर मीटरच्या रेषेबाहेर रसवंतीच्या बाकावर बसले."

"कशासाठी?"

"मतदान संपेपर्यंत."

"अहो पण कशासाठी?"

त्यांनी डावा हात ओट्यावर पालथा ठेवला होता. बोट कोरं होतं. त्या ते एकसारखं दुसऱ्या हाताने चोळत होत्या, काही लागलं असल्यासारखं.

त्यानंतरचं जवळजवळ वर्ष मला आठवलं तरी डोकं दुखतं. उपाय सुचवायला सगळे तयार होते आणि एकही उपाय ताईंना चालत नव्हता. भाऊ म्हणाला, "ताई, ठाण्याला माझ्या पत्त्यावर नाव लाव, कोण बघायला येतंय?" गावच्या शेजारीण शकुंतलाकाकू, ज्यांची पिठाची गिरणी आहे, त्या म्हणाल्या, "आमच्या घरात लावा की नाव, काय बिघडतंय?" पुण्याहून माझ्या आईनेही आपला पत्ता देऊ केला. सगळ्यांना ताईंचं एकच उत्तर: "मी तिथे झोपत नाही."

एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी ईस्ट कोस्टला चालायला गेलो होतो. समोर समुद्रात नांगर टाकलेल्या जहाजांची रांग, मागे गवतावर लोकांनी ठोकलेले तंबू. "या तंबूंनाही परवाना लागतो," ताई म्हणाल्या. मग त्यांनी जहाजांकडे बोट दाखवलं. "त्यांच्या मागच्या अंगाला एका बंदराचं नाव रंगवलेलं असतं. त्या बंदरात ते जहाज जन्मात गेलेलं नसतं. त्याला चालतं. मला चालत नाही."

तेव्हा माझा तोल गेला. सकाळपासून त्यांच्या कामासाठी मी तिघांना फोन केले होते. मी म्हटलं, "ताई, एक मत! एका मताने काय होणार आहे हो?"

"काही होणार नाही," ताई म्हणाल्या. "मी मत दिलेला माणूस आजवर कधी निवडून आलेला नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग?"

"मग काय. पडला, तरी त्याला जेवढी मतं पडली त्यात एक माझं असायचं. घर गेलं. भाऊ ठाण्याला. गावात मला नावाने हाक मारणारं शकुंतलाशिवाय कुणी उरलं नाही. यादीत नाव होतं, तेवढंच काय ते गाव होतं माझं. तेही मीच नियम पाळून घालवलं."

मी म्हटलं, "हेच तर मी सांगतेय इतके दिवस." आणि आम्ही घरी आलो. मी तेव्हा म्हटलं ते आजही मला चूक वाटत नाही. त्यांचंही चूक वाटत नाही, ही अडचण.

काही आठवड्यांनी जोहोर बाहरूहून फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मला आधी ओळखूच येईना.

"सापडलं! बेघर!"

"कोण बेघर?"

"मी!"

झालं होतं असं: ताईंनी मतदार नोंदणीचे नियम मुळापासून वाचायला घेतले होते. त्यात होतं, की ज्याला घरच नाही, फुटपाथवर किंवा पुलाखाली राहतो, त्यालाही मत आहे. त्याने पत्त्याचा पुरावा द्यायचा नाही. तो जिथे झोपतो ती जागा सांगायची. मग त्या भागाचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा माणूस, रात्री येऊन बघणार, की हा खरंच इथे झोपतो का.

"म्हणजे तुम्ही आता फुटपाथवर झोपणार?" मी विचारलं. त्यांच्या बाबतीत काहीही शक्य होतं.

"वेडी आहेस का? गाडीत झोपणार."

मलेशियातली गाडी त्यांनी विकली. चार सामानाच्या पेट्या आमच्या बेडरूममध्ये ठेवायला आल्या, समीरने त्यांच्याकडे बघून फक्त मान हलवली. ताई भारतात गेल्या, एका शाळेची जुनी मिनीबस घेतली, कराडच्या कारागिराकडून आत पलंग आणि शेगडी बसवून घेतली आणि गिरणीशेजारच्या शकुंतलाकाकूंच्या मोकळ्या जागेत ती उभी केली. काकू म्हणाल्या, "अहो, घरात खोली रिकामी आहे." ताई म्हणाल्या, "खोलीत झोपले तर मी बेघर कशी?"

बीएलओ म्हणजे प्राथमिक शाळेतले एक गुरुजी होते. ते वैतागले. त्यांचं बोलणं ताईंनी मला फोनवर हुबेहूब ऐकवलं होतं: "मॅडम, माझी शाळा, त्यात परीक्षा, त्यात हे यादीचं काम. आता रात्रीचं येऊन तुमची बस बघू?"

"नियमात आहे," ताई म्हणाल्या. "एकदा नाही, एकापेक्षा जास्त वेळा यायचंय."

गुरुजी आले. जेवून, मफलर गुंडाळून, मोटारसायकलवरून. बसचं दार ठोठावलं. आतून ताई खेकसल्या, "कोण आहे?"

"तुम्ही झोपलाय का, ते बघायला आलोय."

"झोपले होते!"

"बरं. मग पुन्हा झोपा," गुरुजी म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या खेपेला ताई जाग्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यासाठी चहा करून ठेवला होता. गुरुजी म्हणाले, "आज तुम्ही झोपलेल्या नाही. काय लिहू?" ताई गडबडल्या. म्हणाल्या, हा प्रश्न रास्त आहे. शेवटी गुरुजींनी चहा प्यायला, पलंगावरची चादर बघितली आणि म्हणाले, "जाऊ द्या हो. इथेच झोपता तुम्ही. गावात सगळ्यांना माहीत आहे."

त्याच दिवसांत इकडे सिंगापुरातली निवडणूक आली. नागरिक झाल्यानंतरची माझी ही पहिली. इथे मतदान सक्तीचं. मी मनाशी ठरवलं होतं, की मत दिल्यावर ताईंना मुद्दाम फोन करायचा: बघा, घराखालच्या शाळेत गेले, दहा मिनिटांत परत आले, याला म्हणतात पत्ता. पण आमच्या मतदारसंघात विरोधात कुणी उभंच राहिलं नाही. मतदानच झालं नाही. शहरभर लोक रांगा लावून मत देत होते आणि आम्ही तिघं सुट्टी मिळाली म्हणून सायकली चालवायला गेलो.

ते ताईंना कुठूनतरी कळलं. त्यांचाच व्हिडिओ फोन आला. मागे बसच्या खिडकीचा पडदा हलत होता, गिरणीचा आवाज येत होता.

"म्हणजे तुला मतच देता आलं नाही?"

"नाही."

मला वाटलं, आता टोमणा येणार. पण ताई एकदम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसायला लागले, काय करणार? हसणं संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "वाईट वाटलं का ग?"

"थोडंसं," मी म्हटलं. कुणालाच सांगितलं नव्हतं, पण वाटलं होतं.

"वाटणारच," ताई म्हणाल्या.

पावसाळ्यात त्यांचं नाव यादीत लागलं. हिवाळ्यात गावात नगरपालिकेची निवडणूक होती. मी आईसाठी पुण्याला आले होते, तर तिथून गाडी करून गावी गेले. इतकी वर्षं या मताने माझा छळ केला होता, निदान ते पडताना तरी बघावं म्हटलं.

एरवी पँट-शर्टात वावरणाऱ्या ताईंनी त्या सकाळी इरकली साडी नेसली होती. बसच्या आरशात बघून चक्क पावडर लावली. मतदान केंद्रापर्यंत आम्ही दोघी आणि शकुंतलाकाकू चालत गेलो. आम्ही बाहेर थांबलो, ताई रांगेत लागल्या. रांग कासवाच्या गतीने सरकत होती. काकूंची गिरणी बंद होती आणि लोक दळणाच्या पिशव्या घेऊन येतील म्हणून त्यांचा जीव वर-खाली होत होता. "एवढं काय त्या मताचं?" असं पुटपुटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली.

ताई बाहेर आल्या. बोटावर शाई होती, पण त्यांनी ते दाखवलं नाही. माझा दंड त्यांनी घट्ट धरला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"माझं नाव मोठ्याने वाचलं," ताई म्हणाल्या. "पूर्ण. वडिलांच्या नावासकट. सगळ्यांसमोर."

मग त्यांनी नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माणूस पडणार आहे. लिहून घे." तो पडलाच.

त्या रात्री मी काकूंकडे राहिले. सकाळी दात घासत बाहेर आले, तर ताई बसच्या चाकांमधली हवा तपासत होत्या. पाण्याचे कॅन भरून ठेवले होते.

"कुठे निघालात?"

"आधी कच्छ. मग बघू."

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. तोंडातली पेस्ट थुंकून मी ओरडले, "ताई! एवढा खटाटोप करून नाव लावलंत, आणि आता निघालात?"

"निघता यावं म्हणूनच लावलं," ताई म्हणाल्या. "राहती जागा एकदा ठरली, की माणूस काही काळ बाहेर गेला म्हणून ती सुटत नाही. तात्पुरती गैरहजेरी चालते. नियमात आहे. वाच."

"आणि परत कधी?"

"पुढच्या निवडणुकीला तर आलंच पाहिजे."

त्यांनी काकूंच्या पाया पडण्याचा प्रयत्न केला, काकूंनी पडू दिलं नाही, कारण काकू ताईंपेक्षा वयाने लहान निघाल्या. मग मला जवळ घेतलं. अंगाला डिझेलचा आणि पावडरचा वास होता. बस मागे-पुढे करत वळली, रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावरच्या टाकीमागे दिसेनाशी झाली. मी तिथेच उभी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं माझ्याकडे काहीही काम नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

काकूंनी गिरणी सुरू केली. थोड्या वेळाने एक गृहस्थ मोटारसायकलवर गव्हाचं पोतं घेऊन आला आणि मोकळी जागा बघून त्याने गाडी सरळ तिथे लावली, जिथे बस उभी असायची. काकू पिठाने माखलेले हात घेऊन दारात आल्या.

"ओ पावणं, गाडी काढा तिथनं!"

"का? काय हाय इथं?"

"दिसत न्हाई व्हय? ताईंचं घर हाय ते."

त्याने खाली पाहिलं. चाकांच्या खुणा होत्या, पिवळं पडलेलं गवत होतं, दुसरं काही नव्हतं. मग तो मोटारसायकल ढकलत पलीकडे लिंबाखाली घेऊन गेला.